आर्ट्स अँड क्राफ्ट्स काळातले मासिकांचे रॅक आणि पुस्तकांचे स्टँड: अस्सल कसं ओळखायचं, दुरुस्त कसं करायचं

वाचनवेडी

अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या एका इस्टेट सेलच्या (घरातलं सगळं सामान विकायला काढतात त्या विक्रीच्या) यादीत ओकचं पुस्तकांचं स्टँड आलं आहे. वर व्ही आकाराची पन्हळ आहे, तिच्यात पुस्तकं तिरकी, कणे वर दिसतील अशी बसतात. खाली एक सपाट फळी. दोन्ही अंगांना उभ्या फळ्या आणि त्यांच्या वरच्या टोकाला उचलायला डी आकाराचं भोक. खालच्या फळीच्या जिभा बाजूच्या फळ्यांतून आरपार बाहेर आल्या आहेत आणि त्यांत पाचरी ठोकल्या आहेत. उंची पावणेतीस इंच, रुंदी ३०, खोली १०. आतल्या अंगाला लाल कंपासचं चिन्ह आहे. रंग जवळजवळ काळा पडलाय आणि हात लावला की डुगडुगतं.

विक्रेता 'गुस्ताव स्टिकली' असं सांगतोय, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साधं, ठसठशीत आर्ट्स अँड क्राफ्ट्स धाटणीचं फर्निचर करणारा अमेरिकन कारखानदार. मला तीन गोष्टी हव्यात: हे अस्सल आहे का ते कसं ठरवायचं, घासून नवं पॉलिश करावं का, आणि डुगडुग कशी काढायची. सेल शनिवारी आहे.

जुनाबाजार

आधी चिन्हांचं बघू, कारण विक्रेते सगळी भिस्त त्याच्यावर ठेवतात.

स्टिकली नावाचे भाऊ पाच: गुस्ताव, आल्बर्ट, चार्ल्स, लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज. त्यामुळे नुसतं 'स्टिकली' म्हटलं तर काहीच कळत नाही. गुस्तावचा कारखाना सिराक्यूजजवळ ईस्टवुडला. त्याचं चिन्ह म्हणजे सुताराचा कंपास, त्यात 'आल्स इक कान' हे फ्लेमिश वाक्य आणि खाली सही. वाक्य मूळचं चित्रकार यान फान आइकचं, अर्थ 'मला जमेल तितकं'. १९०२ ते १९०४ च्या सुमारास सही एका चौकटीत असायची, पुढे चौकट गेली. १९१२ च्या सुमारापासून लाल छाप जाऊन लाकडात डागलेला शिक्का आला. १९१५ मध्ये गुस्तावचं दिवाळं निघालं.

लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज यांचा कारखाना फेएटव्हिलला. त्यांच्या १९०६ ते १९१२ च्या मालावर लाकडी क्लॅम्पच्या चित्रात 'हँडक्राफ्ट' असं लिहिलेलं असतं, त्यानंतर 'द वर्क ऑफ एल. अँड जे. जी. स्टिकली'. आल्बर्टचा माल ग्रँड रॅपिड्सचा, 'क्वेंट' नावाने विकलेला, त्यावर बहुधा धातूची पट्टी. तिथल्याच चार्ल्स लिम्बर्टच्या मालावर कामाच्या बाकासमोर उभा असलेला सुतार डागलेला दिसतो. रॉयक्रॉफ्ट या आणखी एका कारखान्याचं चिन्ह म्हणजे गोल, त्यात आर, वर दुहेरी क्रूस.

आता तुमच्या स्टँडबद्दल. पन्हळवालं स्टँड गुस्तावच्या कॅटलॉगात क्रमांक ७४ म्हणून आहे. मापं अंदाजे ३१ इंच उंच, ३० रुंद, १० खोल. डी आकाराची भोकं आणि पाचरीचे सांधे, दोन्ही जुळतात. पण हाच घाट दुसऱ्या कारखान्यांनीही काढला होता, तेव्हा घाटावरून कारखाना ठरवू नका.

चिन्ह मात्र भिंग घेऊन बघा. लाल छाप आजकाल कोणीही छापून चिकटवू शकतो. छापाखालच्या लाकडावर ओरखडा असेल आणि छाप त्या ओरखड्यावरून सलग गेला असेल, तर छाप ओरखड्यानंतर लागला. जुन्या छापात ओरखडा छापातूनच गेलेला दिसतो, कडा झिजलेल्या असतात आणि त्यावर बाकीच्या लाकडाइतकंच मळाचं पुट असतं. लहान वस्तूंवर हा उद्योग जास्त चालतो. टेबल किंवा कपाटाच्या मानाने मासिकांचा रॅक उचलायला सोपा, बिनचिन्हाचे हजारो पडलेले, आणि एका लाल ठिपक्याने किंमत कित्येक पट होते.

शंकासुर

उंचीकडे कोणाचं लक्ष गेलं का? कॅटलॉगात ३१, इथे पावणेतीस. सव्वा इंच गेला कुठे?

फळीवाला

शंकासुर यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. पाय कापलेले असण्याची शक्यता मोठी. हे रॅक जमिनीला टेकणाऱ्या उभ्या फळ्यांवर उभे असतात. म्हणजे लाकडाच्या रेषांची उघडी टोकं थेट फरशीवर. वर्षानुवर्षं ओलं पोछा-पाणी त्या टोकांतून वर शोषलं जातं, कडा काळ्या पडून भुसभुशीत होतात, मग कोणीतरी करवतीने इंचभर उडवून देतो.

तपासायचं असं. स्टँड आडवं करून तळ बघा. जुन्या पायाच्या टोकावर शंभर वर्षांचा मळ रेषांत भरलेला असतो आणि बाहेरची कड हलकी मारलेली असते, फरफटताना लाकूड चिरू नये म्हणून. तळ स्वच्छ, फिक्या रंगाचा आणि कड धारदार असेल तर कापलाय. पायात कमान असेल तर कमानीच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर चारी ठिकाणी मोजा. कापणारा सहसा चारही सारखे कापत नाही.

आता लाकूड. दर्जेदार कारखाने पांढरा ओक क्वार्टर-सॉन करून वापरायचे, म्हणजे ओंडक्याचे आधी चार भाग करून मग वार्षिक कड्यांना काटकोनात फळ्या काढायचे. त्यामुळे पृष्ठभागावर ते चकाकते, वाघाच्या पट्ट्यांसारखे डाग येतात. नुसतं सौंदर्य म्हणून नव्हे, अशी फळी कमी हलते. पांढऱ्या ओकचा आकडा असा: लाकडातल्या ओलाव्यात १ टक्का फरक पडला की क्वार्टर-सॉन फळी रुंदीच्या ०.००१८ पट हलते, सपाट कापलेली ०.००३६५ पट. तुमची बाजूची फळी १० इंची आहे. ओलावा ७ टक्क्यांवरून १५ वर गेला तर क्वार्टर-सॉन फळी पावणेचार मिलिमीटरच्या आसपास फुगेल आणि सपाट कापलेली जवळजवळ साडेसात. बाजूच्या फळ्या तडकलेले स्वस्त रॅक इतके का दिसतात ते यावरून कळेल.

लाल ओक की पांढरा, हे न खरवडता ओळखायची सोय तुमच्या स्टँडमध्ये आयती आहे. बाहेर आलेल्या जिभेचं टोक म्हणजे लाकडाचा आडवा छेद. दहापट भिंगातून तिथे बघा. पांढऱ्या ओकची मोठी छिद्रं आतून चकचकीत पापुद्र्यासारख्या पदार्थाने भरलेली दिसतात, लाल ओकची बहुतेक रिकामी, सुईच्या टोचणीसारखी उघडी. याच कारणाने दारूची पिंपं पांढऱ्या ओकची करतात, लाल ओकचं पिंप गळेल.

अजून एक. जिभेच्या टोकावरच्या कड्या आणि आतल्या फळीवरच्या रेषा एकमेकींशी जुळतात का बघा. स्वस्त मालात फळी आतच बाजूच्या फळीला खिळ्याने ठोकून बाहेरून खोटा ठोकळा चिकटवलेला असतो. फळीच्या रेषा एका दिशेला आणि ठोकळ्याच्या भलतीकडे गेल्या की समजायचं.

वाचनवेडी

फोटो मोठा करून पाहिला. जिभेवरच्या रेषा आणि फळीच्या रेषा जुळतायत असं वाटतं. पण डावीकडच्या दोन पाचरी उजवीकडच्यांपेक्षा फिक्या आहेत, पिवळट.

रंधा

पिवळट म्हणजे पाइन असणार, कोणीतरी हरवलेल्या पाचरीच्या जागी घातलेला. डुगडुगीचं अर्धं कारण तिथेच सापडलं.

पाचरीचा सांधा कसा चालतो ते समजलं तर दुरुस्ती सोपी आहे. जीभ बाजूच्या फळीतून बाहेर येते, जिभेत आरपार भोक असतं, त्या भोकात उतरती पाचर वरून खाली बसते. पाचर फळीच्या बाहेरच्या अंगावर रेटा देते आणि जिभेला बाहेर खेचते. फळीचा खांदा आतून बाजूच्या फळीला घट्ट बसतो. हे सगळं चालायला एक अट आहे: भोकाची आतली कड बाजूच्या फळीच्या जाडीच्या आत थोडी, दीड-दोन मिलिमीटर, गेलेली पाहिजे. भोक फळीच्या बाहेरच्या अंगाशी बरोबर जुळवून पाडलं तर पाचर भोकाच्याच आतल्या कडेला टेकते आणि खेचायला काही उरत नाही. घरी बनवलेल्या नकलांत ही चूक हमखास असते.

दुसरी चूक भोकाच्या बाहेर लाकूड कमी ठेवण्याची. भोकापासून जिभेच्या टोकापर्यंत निदान पाऊण इंच लाकूड हवं. कमी असेल तर पाचर ठोकताना तो तुकडा रेषेने सरळ निसटून बाहेर येतो.

नवी पाचर करायची तर:

लाकूड पांढरा ओकच, क्वार्टर-सॉन असेल तर उत्तम, रेषा पाचरीच्या लांबीत. उतार एकाच अंगाला, ८ ला १ किंवा त्याहून मंद. जास्त उतरती पाचर पटकन घट्ट वाटते आणि तितक्याच पटकन सैल होते. आधी दोन सेंटीमीटर लांब ठेवा, भोकात बसवून पेन्सिलने खूण करा, मग वरखाली सारखी दिसेल अशी कापा. जुन्या पाचरीच्या डोक्याच्या कडा मारलेल्या असतील तर नवीच्याही तशाच मारा.

पाचरीला सरस लावायचा नाही. कधीही नाही. सांधा सुटा असणं हाच त्याचा उपयोग आहे, कोरड्या हवेत सैल झाला की लाकडी हातोडीने एक टिचकी. जोरात ठोकू नका, विशेषतः दमट दिवसांत. लाकूड फुगलेलं असताना कच्चून बसवलेली पाचर आपल्याच भोकाच्या कडा चेपते आणि हवा कोरडी झाली की पूर्वीपेक्षा ढिली पडते. पाइन इथे का चालत नाही तेही यातच आलं: ओकच्या दाबाखाली पाइन चेपतो आणि परत फुगत नाही.

पन्हळीचा सांधा वेगळा. तिथे पाचर नसते, सरस असतो, आणि डुगडुगीचं उरलेलं अर्धं कारण तिथे असेल. त्या काळचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. तो सुटलेला असेल तर सांधा हाताने ओढून हलतोय का बघा. हलत असेल तर इंजेक्शनच्या सुईने कडेतून मद्यार्क सोडा. जुना सरस त्याने ठिसूळ होतो आणि हलक्या ठोक्याने सांधा उघडतो. थोडा मद्यार्क पॉलिशवर सांडला तर पॉलिश विरघळेल, म्हणून कडेला आधी मेण चोळून ठेवा. उघडल्यावर जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने पुसा, पटाशीने खरवडू नका, सांध्याचं माप बदलतं. पूर्ण निघाला नाही तरी चालेल, नवा गरम सरस जुन्याला धरतो. हीच सोय पांढऱ्या फेव्हिकॉलछाप गोंदात नाही आणि फुगणाऱ्या पॉलियुरेथेन गोंदात तर मुळीच नाही.

सरसाचे दाणे वजनाने एक भाग, थंड पाणी दोन भाग. दोन-तीन तास भिजवा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. उकळला तर जोर जातो. ब्रशवरून पातळ धार पडली पाहिजे, थेंब थेंब नको. सांधा आधी कोरडा जुळवून क्लॅम्प मापाला लावून ठेवा, कारण सरस लावल्यावर हातात मिनिट-दीड मिनिटच असतं. लाकूड हेअर ड्रायरने कोमट केलं तर आणखी थोडा वेळ मिळतो. क्लॅम्प २४ तास.

चपडालाख

पॉलिशच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. घासू नका. पॉलिश पेपर घरात असेल तर तो कुलपात ठेवा.

त्या काळचा रंग वरून लावलेला नाही, लाकडातच तयार झालेला आहे. ओकमध्ये टॅनिन असतं. तयार फर्निचर बंद खोलीत ठेवून अमोनियाच्या वाफा सोडल्या की टॅनिनशी क्रिया होऊन लाकूड तपकिरी होतं. गुस्ताव स्टिकली २६ टक्क्यांचा अमोनिया वापरायचा. रंग मिलिमीटरच्या आसपासच खोल जातो. सँडर फिरवला की दोन मिनिटांत फिकट ओक उघडा पडतो, आणि मग तो रंग जुळवायला डबे आणि डबे रंग लागतात. वस्तूची किंमत तर उतरतेच.

काळेपणा बहुधा रंगाचा नसतो. काजळी, धूर, वर्षानुवर्षं चोळलेलं मेण आणि फर्निचर तेल एकावर एक बसलेलं असतं.

पहिलं काम, वरचं पॉलिश कोणतं ते बघणं. दिसणार नाही अशा जागी कापसाचा बोळा मद्यार्कात बुडवून अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही आणि लॅकर थिनरने मऊ झालं तर लॅकर, म्हणजे मागाहून लावलेलं. नायट्रोसेल्युलोज लॅकर फर्निचरवर १९२० च्या दशकात आलं, १९१६ च्या आधीच्या वस्तूवर ते मूळचं असूच शकत नाही. अंधारात काळ्या प्रकाशाचा (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्च मारला तर लाख केशरी चमकते. टॉर्च सेलमध्ये खिशात नेता येतो आणि विक्रेत्याची परवानगीही लागत नाही.

मग सफाई. मऊ ब्रशने कोरडी धूळ, कोपऱ्यांत आणि पाचरीच्या भोवती. नंतर सुती फडकं मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून, छोट्या छोट्या भागात, फडकं सतत बदलत. फडक्यावर तपकिरी-काळं येत राहील. मिनरल स्पिरिट हे मद्यार्क नव्हे, त्याने लाख विरघळत नाही, म्हणून हे सुरक्षित. तरी मळ उरला तर कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, फडकं पिळून जवळजवळ कोरडं, आणि लगेच पुसून घ्या. लाखेवर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो.

स्टील वूल मी वापरत नाही. त्याचे तंतू ओकच्या छिद्रांत अडकतात, ओलावा लागला की लोखंड टॅनिनशी मिळून निळेकाळे ठिपके उमटतात. जुन्या खिळ्याभोवती जो काळा डाग दिसतो तोही हाच. तो घालवायला ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, पण त्याने भोवतालचं लाकूडही थोडं फिकं होतं. खिळ्याभोवतीचा डाग ठेवलेला बरा.

सफाईनंतर लाखेचा थर उरला असेल तर फक्त घट्ट मेण. लाख जागोजागी गेली असेल तर पातळ लाखेचा एक हात: पाव लिटर मद्यार्कात ३० ग्रॅम चपडा (लाखेचे सुके पापुद्रे), रात्रभर विरघळवून, कापडातून गाळून. मेण लावण्याआधी लाख, मेणावर लाख चिकटत नाही. विरघळवलेली लाख जुनी झाली की वाळायची थांबते, म्हणून काचेवर एक थेंब टाकून बघा. तासाभराने नखाने ठसा उमटला तर फेकून द्या.

अवांतर: अमेरिकेतल्या त्या कारखान्यांत जी लाख जायची ती बहुतांश हिंदुस्थानातली, कुसुम, पळस आणि बोरीवरच्या किड्यांची, कलकत्त्याहून बोटीने गेलेली. तेव्हा स्टँड परदेशी, वरचं पॉलिश आपल्याकडचं.

ईस्ट ऑरोरा पॅसेंजर

धागा सगळा स्टिकलीवर चाललाय, रॉयक्रॉफ्टचं एक स्टँड सांगून ठेवतो, कारण पहिल्यांदा विकत घेणाऱ्याच्या आवाक्यातलं तेच असतं.

एल्बर्ट हबर्डने न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट ऑरोराला १८९५ मध्ये रॉयक्रॉफ्ट छापखाना काढला, त्यातून पुढे बांधणी, चामडं, तांबं, फर्निचर असं सगळं वाढलं. तो आणि त्याची बायको १९१५ मध्ये लुसिटानिया बोट बुडाली तेव्हा वारले, पण कारखाना मुलाने १९३८ पर्यंत चालवला. हबर्डच्या 'लिटल जर्नीज' या चरित्रमालेचे खंड ठेवायला त्यांनी खास स्टँड काढलं होतं. २६ इंच उंच, २६ रुंद, सुमारे १४ खोल, दोन फळ्या, दोन्हींना पाचरी. सुटं करून सपाट पाठवता येतं. वर छोटी धातूची पट्टी असते.

त्यात नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी दोन: पाचरी हरवणं, आणि धातूची पट्टी गेलेली असणं. पट्टी गेली तरी तिच्या खिळ्यांची दोन भोकं आणि भोवतीचा फिका आयत राहतो. तो बघा. उलट पट्टी आहे पण तिच्याखालचं लाकूड आजूबाजूइतकंच काळं आहे, तर ती कालपरवा लागलीय.

शंकासुर

बिनचिन्हाचं असेल तर सोडूनच द्यावं का?

जुनाबाजार

मुळीच नाही, फक्त पैसे बिनचिन्हाचे द्यावेत.

बिनचिन्हाचे रॅक तीन वाटांनी आलेले असतात. एक, ज्या कारखान्यांचं कागदी लेबल गळून पडलं. दोन, सुट्या भागांचं फर्निचर: मिशिगनमधल्या ॲन आर्बरची कम-पॅक्ट कंपनी क्वार्टर-सॉन ओकचे भाग पेटीत घालून पाठवायची, जोडणं आणि रंगवणं गिऱ्हाइकाने करायचं. त्यामुळे लाकूड उत्तम आणि पॉलिश ओबडधोबड असं मिश्रण दिसलं तर दचकू नका. तीन, शाळेत किंवा घरी केलेले. गुस्तावच्या 'द क्राफ्ट्समन' मासिकात १९०५ पासून घरी करायच्या फर्निचरचे आराखडे यायचे, आणि पॉप्युलर मेकॅनिक्सने १९०९ ते १९१२ मध्ये तीन भागांत मिशन फर्निचरचे (याच साध्या धाटणीचं दुसरं नाव) आराखडे छापले. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गात असे रॅक ढिगाने झाले. मापं कॅटलॉगशी न जुळणारी, सपाट कापलेला लाल ओक, सांध्यात पटाशीच्या चुकलेल्या खुणा. काही फार सुंदर आहेत.

फिलिप्स स्क्रू, ते अधिकच्या चिन्हाचे, दिसले तर १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर कोणीतरी हात लावलाय. वस्तूच नवी आहे असं नव्हे, दुरुस्तीही असू शकते. आणि लिओपोल्डच्या कंपनीने १९८९ पासून जुने नमुने पुन्हा काढायला सुरुवात केली. तो माल चांगला आहे, पण आज तीस-पस्तीस वर्षांची झीज अंगावर घेऊन शंभर वर्षांचा म्हणून विकायला येतो. तिथे चपडालाख यांची मद्यार्काची परीक्षा उपयोगी पडते, नव्यावर आधुनिक लॅकर असतं.

कोथरूडकर

असं स्टँड पुण्यात आणलं तर टिकेल का? आणि सागवानात नक्कल केली तर अमोनियाचा रंग येईल का?

फळीवाला

टिकेल. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात लाकूड ६-७ टक्के ओलाव्यापर्यंत सुकतं. पुण्याच्या पावसाळ्यात ते १५ च्या आसपास जायला बघेल. वर दिलेला हिशोब म्हणूनच ७ ते १५ चा होता. आणायचं तर पावसाळा संपल्यावर आणा म्हणजे बदल हळू होईल, आणि पहिले सहा महिने पाचरी नुसत्या हाताने दाबून बसवा. धोका फळी फुगण्याचा कमी, बाजूच्या फळीला कोणीतरी मागून आडवी पट्टी स्क्रूने ठोकली असेल तर जास्त. फळी हलणार, पट्टी हलू देणार नाही, फळी चिरणार. पट्टीची स्क्रूची भोकं लांबट करा. पाय थेट ओल्या फरशीवर नकोत. ओकच्या रसाळ, फिक्या भागाला बारीक भुंगा लागतो, खाली पिठासारखी भुकटी पडतेय का यावर लक्ष ठेवा.

चपडालाख

सागवानावर अमोनियाचा तसा रंग येणार नाही, टॅनिन पुरेसं नाही. आधी टॅनिक आम्लाचं पाणी लावून मग वाफ देतात, पण त्यापेक्षा सागवान सागवानासारखाच ठेवा.

ओकची नक्कल करणार असाल तर: प्लॅस्टिकच्या कापडाचा तंबू, उघड्यावर, वस्ती आणि मांजरं दूर. खाली पसरट काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटल्यांत २६ ते २८ टक्क्यांचा अमोनिया. किराणा दुकानातला सफाईचा अमोनिया फार पातळ, त्याने आठवडा जाईल. सोबत त्याच फळ्यांचे चार-पाच तुकडे दोरीला बांधून बाहेर काढता येतील असे ठेवा आणि दर काही तासांनी एक काढून त्यावर लाखेचा हात मारून रंग बघा. नुसत्या वाफेनंतर लाकूड राखाडी, मेल्यासारखं दिसतं, खरा रंग लाखेखाली उठतो. १२ ते ४८ तास. सांडलेला सरस आधी साफ करा, त्याखाली फिका डाग राहतो. गाभ्याबाहेरचा फिका भाग रंगत नाही, तो फळी निवडतानाच कापून टाका. एका झाडाच्या फळ्या एका रॅकला वापरा, नाहीतर एक बाजू चॉकलेटी आणि दुसरी मधासारखी होईल.

मास्क साधा चालत नाही, अमोनियाच्या काडतुसाचा लागतो, आणि डोळ्याला हवाबंद गॉगल. या वाफेने डोळे कायमचे जाऊ शकतात. जुन्या वस्तूला वाफ देऊ नका, वरच्या लाखेमुळे ठिपकेठिपके होतात.

रंधा

नकलेसाठी मापं लिहून ठेवतो. खालची फळी पाऊण ते एक इंच जाड, बाजूच्या फळ्या एक इंच. पन्हळीच्या दोन फळ्या एकमेकींना काटकोनात, पण पूर्ण पन्हळ थोडी पुढे कललेली ठेवली तर समोरून कणे वाचता येतात. डी भोकाची वरची कड फळीच्या टोकापासून सव्वा इंचाच्या आत आणू नका. तिथे लाकडाच्या रेषा उभ्या असतात, भोकाच्या वरचा पूल आडव्या ताणावर तुटतो, आणि लोक स्टँड नेमकं तिथेच धरून उचलतात. जुन्या स्टँडवरही ही पहिली तडा जायची जागा. विकत घेताना भोकात बोट फिरवून बघा.

ईस्ट ऑरोरा पॅसेंजर

मासिकांच्या उंच रॅकबद्दल एक सूचना. ४० इंच उंच आणि १४ बाय १० इंचांच्या पायावर उभे असे रॅक आहेत, गुस्तावचा ७९ क्रमांकाचा त्याच मापाचा. आजची गुळगुळीत कागदाची मासिकं तेव्हाच्या कागदापेक्षा जड आहेत. जड गठ्ठे तळाच्या खणात, वर हलकं. घरात लहान मूल असेल तर तळाच्या आडव्या पट्टीला कापडी पट्टा गुंडाळून भिंतीला अडकवा, लाकडाला भोक पाडू नका.

वाचनवेडी

सेलला जाऊन आले. भिंग, काळ्या प्रकाशाचा टॉर्च आणि टेप घेऊन.

जिभेच्या टोकावर छिद्रं भरलेली, म्हणजे पांढरा ओक. रेषा आत-बाहेर जुळतात, जीभ खरी आहे. टॉर्चखाली केशरी चमक, फक्त छापाच्या आसपास हातभर जागा निळसर, केशरी नाही. छाप दोन ओरखड्यांवरून सलग गेलाय. तळ स्वच्छ आणि कडा धारदार. डी भोकाला तडा नाही. डावीकडच्या पाचरी पाइनच. बिनचिन्हाच्या भावात मागितलं, विक्रेत्याने थोडी कुरकुर करून दिलं.

आता पायाला सव्वा इंचाचे तुकडे जोडून उंची परत आणू का?

फळीवाला

नको. जोड लाकडाच्या उघड्या टोकावर येईल, तिथे सरस नीट धरत नाही, आणि आत लाकडी खुंट्या घालायच्या तर मूळ फळीत भोकं पाडावी लागतील. उद्या अस्सल उंचीचं दुसरं स्टँड शेजारी ठेवायचं नसेल तर सव्वा इंच कोणाच्या लक्षात येत नाही.

तळाच्या उघड्या टोकांना मात्र पातळ लाखेचे दोन-तीन हात द्या, ते पाणी पिणं थांबवतील. खाली फेल्ट लावा, खिळ्याचे नव्हे, चिकटवायचे. आणि तो छाप काढू नका, त्याच्या शेजारी आतल्या अंगाला पेन्सिलने तारीख आणि 'छाप नंतरचा' एवढं लिहून ठेवा.

रंधा

पाइनच्या पाचरी फेकू नका. नव्या पाचरीचं माप त्यांच्यावरून घ्यायचं नाही, उजवीकडच्या मूळच्यांवरून घ्यायचं, पण नव्या तयार होईपर्यंत स्टँड उभं राहायला त्याच लागतील.